चिखलाचं इंद्रधनुष्य

प्रश्न: मी निवृत्त आहे. मुलगा आणि सून दोघंही नोकरीला जातात, त्यामुळे दुपारी एकपासून संध्याकाळी सहापर्यंत पाच वर्षांची नात आणि दोन वर्षांचा नातू माझ्याकडे असतात. दिवसा मुलांच्या हातात मोबाइल द्यायचा नाही असं आम्ही ठरवलंय आणि मला ते पटतंही. पण पाऊस लागला की बाहेर नेता येत नाही आणि दुपार खायला उठते. नातीला सध्या इंद्रधनुष्याचं वेड आहे. मागच्या आठवड्यात एक व्हिडिओ बघून तिला घेऊन पुठ्ठ्यावर इंद्रधनुष्य रंगवायला बसलो. अर्ध्या तासात सगळे रंग एकमेकांत मिसळून तपकिरी राडा झाला. "आजोबा, हा तर चिखल आहे," असं म्हणून तिने तो पुठ्ठा फाडला आणि रडायला लागली. तेवढ्यात नातवाने ब्रश तोंडात घातलेला. मला चित्रकला येत नाही, गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही आणि विकतचे संच आणायची इच्छा नाही. घरातल्याच वस्तूंतून दोघांना रमवता येईल असं काही सुचवाल का? नातू प्रत्येक रंगाला 'लाल'च म्हणतो, त्याची काळजी करावी का? आणि नातीचा एक प्रश्न: खरं इंद्रधनुष्य घरात आणता येतं का?
– एक आजोबा

उत्तर:

काका, सप्रेम नमस्कार.

नातीला आधी सांगून टाका की हो, आणता येतं. कसं ते मी शेवटी लिहिते, कारण त्याला ऊन लागतं आणि तुमच्याकडे सध्या पावसाने मुक्काम ठोकलाय.

आता त्या चिखलाबद्दल. त्यात तुमच्या हाताचा दोष नाही. रंगाच्या बाटलीतला प्रत्येक रंग त्याच्यावर पडलेल्या उजेडातला काही भाग गिळतो आणि उरलेला आपल्या डोळ्यांकडे पाठवतो. तांबडा, पिवळा आणि निळा असे तिन्ही एकत्र आले की तिघं मिळून जवळपास सगळाच उजेड गिळतात. मागे उरतो तो तपकिरी. एकच ब्रश, पाण्याचा एकच पेला आणि ओल्या रंगाला लागून दुसरा ओला रंग, एवढं जमून आलं की कुणाच्याही हातून चिखलच होतो. बालवाडीत बावीस वर्षं काढली मी. सुरुवातीच्या वर्षांत दर पावसाळ्यात असे चिखल वाळत घातले आहेत.

त्यावर सोपे उपाय आहेत. ब्रश बाजूला ठेवा आणि कान साफ करायच्या कापसाच्या काड्या घ्या, एका रंगाला एक काडी. पाण्याचा पेला द्यायचाच नाही. रंग लावायचा क्रम इंद्रधनुष्याचाच ठेवा, कारण त्या क्रमात शेजारी बसलेले रंग एकमेकांशी भांडत नाहीत. तांबड्याची कड पिवळ्यात गेली तर नारिंगी होतो, पिवळा निळ्यात गेला तर हिरवा. तांबड्याला हिरवा भेटला की मात्र चिखल ठरलेला. नातीला हे सांगून ठेवा. आणि एक दिवस मुद्दाम चिखल करायला द्या. सगळे रंग एका वाटीत ओतून 'आपल्याला जगातला सर्वांत घाण रंग बनवायचाय' असं म्हणायचं. ज्या गोष्टीने तिला रडवलं, ती स्वतःच्या हाताने करता आली की तिची भीती जाते. मग त्या रंगात झाडाचं खोड रंगवा, जमीन रंगवा, मातीतला गांडूळ रंगवा.

पण मला तुम्हाला मुख्यतः दुसरंच सांगायचंय. या वयाच्या मुलाला इंद्रधनुष्य होताना बघायचं असतं. झालेलं इंद्रधनुष्य भिंतीवर लावलं की दोन दिवसांनी ते त्याकडे ढुंकूनही बघत नाही. व्हिडिओत दिसतं ते शेवटचं चित्र आणि आपण मुलाला घेऊन त्या चित्रामागे धावतो. तिथेच रडारड सुरू होते, कारण पाच वर्षांच्या हाताला तशी सुबक कमान जमणार नसते आणि हे तिला तुमच्याआधी कळतं. म्हणून असे खेळ निवडा की ज्यांत रंग स्वतःहून काहीतरी करतो आणि मूल ते बघत राहतं. चित्रकला येत नाही ही अडचण तिथे उरतच नाही.

माझा सर्वांत आवडता खेळ मिठाचा. जाडसर पुठ्ठा घ्या आणि त्यावर पांढऱ्या डिंकाच्या बाटलीने कमानी काढा. कमानी वाकड्या आल्या तरी बिघडत नाही, नातीलाच काढू द्या. फक्त डिंकाची रेघ जरा जाड हवी. त्यावर मूठभर मीठ भुरभुरवायचं आणि पुठ्ठा उभा धरून जास्तीचं झाडून टाकायचं. आता एका वाटीत पातळ रंगीत पाणी घ्या आणि औषधाच्या ड्रॉपरने एक थेंब त्या मिठाच्या रेघेवर नुसता टेकवा. सोडू नका, टेकवा. मग दोघांनी वाकून बघा. थेंब जागेवर बसत नाही, तो रेघेतून पळतो. मिठाचा एकेक कण ओला होत जातो, पांढऱ्यावर तांबडा चढत जातो आणि दोन बोटं पुढे गेला की दमल्यासारखा थांबतो. तिथे पुढचा थेंब. एकाच रेघेच्या दुसऱ्या टोकाकडून पिवळा सोडलात, तर मध्ये कुठेतरी दोघांची गाठ पडते आणि तिथे नारिंगी उगवतो. ती गाठ पडायच्या आधीचा जो एक क्षण असतो ना, तेव्हा वर्गातली पंचवीस मुलं एकदम गप्प झालेली मी पाहिली आहेत. हे काम टेबलावर होतं, तुमच्या गुडघ्यांना त्रास नाही. वाळायला एक-दोन दिवस लागतात, तोवर पुठ्ठा आडवाच ठेवा.

रंगीत पाण्यासाठी काही आणायला नको. घरात वाळून गेलेले स्केचपेन असतीलच. पाण्यात विरघळणाऱ्या शाईचे असतील तर त्यांची टोकं खाली करून वाटीत बोटभर पाण्यात तासभर उभे ठेवा, उरलीसुरली शाई पाण्यात उतरते. हे कामही नातीचंच. कुठल्या पेनात अजून जीव आहे, याची ती मोठ्या गांभीर्याने तपासणी करेल.

दुसरा खेळ चालणाऱ्या पाण्याचा. सहा सारखे पेले गोलात मांडा. एक सोडून एक, अशा तीन पेल्यांत तांबडं, पिवळं आणि निळं पाणी जवळजवळ काठोकाठ भरा. मधले तीन रिकामे. पेपर नॅपकिनच्या बोटभर रुंदीच्या घड्या करा, सहा पट्ट्या लागतील. प्रत्येक पट्टीचं एक टोक भरलेल्या पेल्यात आणि दुसरं शेजारच्या रिकाम्या पेल्यात. कागदाच्या तंतूंमधल्या बारीक फटींतून पाणी वर चढतं, झाडात पाणी वर चढतं त्यातही या करामतीचा थोडा हातभार असतो. मग काठ ओलांडून ते पलीकडे उतरतं. रिकाम्या पेल्यांत दोन्ही बाजूंनी रंग येऊन मिळतात आणि नारिंगी, हिरवा, जांभळा तयार होतो. पट्टी लांब ठेवली किंवा पेला अर्धाच भरला की पाणी मध्येच अडकतं. बहुतेकांचा हा खेळ तिथेच फसतो. पट्टी आखूड ठेवा, पेला भरलेला ठेवा आणि जांभळा स्वच्छ हवा असेल तर तांबड्याऐवजी गुलाबीकडे झुकणारा रंग घ्या.

याला वेळ लागतो. रंग पट्टीवर चढताना पाच-दहा मिनिटांत दिसतो, पण रिकामे पेले भरायला तास-दोन तास जातात. म्हणून मुलांना झोपवायच्या आधी मांडा. उठल्यावर नात आधी पेल्यांकडे धावेल. रात्रभर तसंच ठेवलंत तर सकाळी सहाही पेल्यांतलं पाणी जवळपास एका पातळीला आलेलं दिसेल. ती 'असं का' म्हणेल. लगेच उत्तर देऊ नका, 'तुला काय वाटतं' असं विचारा आणि ती जे सांगेल ते सुनेला संध्याकाळी तिच्याकडूनच सांगायला लावा.

काळ्या स्केचपेनची गंमत तर मी कितीही वेळा करू शकते. पेपर नॅपकिनच्या पट्टीवर खालून दोन बोटं सोडून काळा ठिपका द्या आणि पट्टीचं खालचं टोक पाण्यात टेकवा, ठिपका पाण्याच्या वर राहू द्या. पाणी वर चढताना ठिपक्यातली शाई सोबत घेऊन जातं. काळी शाई बऱ्याचदा अनेक रंग मिसळून केलेली असते. त्यातला एखादा रंग पाण्याबरोबर लांब जातो, एखादा कागदाला चिकटून मागे राहतो. म्हणून काळ्यातून निळा, गुलाबी, कधी पिवळा बाहेर येतो. प्रत्येक पेनाचं वेगळं निघतं, तेव्हा घरातले दोन-तीन काळे पेन घेऊन कुणाच्या पोटात काय दडलंय ते बघा. न पुसल्या जाणाऱ्या शाईचा पेन असेल तर पाण्यात ठिपका हलणारच नाही. तेही दाखवा.

आता दोघांना मिळून खेळता येईल असं. एक जुनी पांढरी चादर जमिनीवर पसरा आणि तुम्ही खुर्चीत बसा. "तांबडं काहीतरी आणा!" अशी हाक द्यायची. दोघं घरभर धावतात आणि बादलीचं झाकण, मोजा, पुस्तक, खेळण्यातली गाडी असं काय काय आणतात. ते चादरीवर एका ओळीत, जमलं तर कमानीत ठेवायचं. मग नारिंगी, पिवळं, असं एकेक. तासाभरात चादरीवर घरातल्या वस्तूंचं इंद्रधनुष्य उभं राहतं. धाकट्याला पळायला मिळतं, मोठीला मांडायला मिळतं. खरी मजा वादात आहे. ही उशी नारिंगी की तांबडी? हा टॉवेल हिरवा की निळा? निकाल तुम्ही देऊ नका. ती वस्तू दोन रंगांच्या मध्ये ठेवा. खऱ्या इंद्रधनुष्यातही तांबडा कुठे संपतो आणि नारिंगी कुठे सुरू होतो ते कुणाला रेघ मारून दाखवता येत नाही. आवरायच्या वेळी हाच खेळ उलटा: "जांभळं आधी घरी जाणार!" पसारा दहा मिनिटांत जागच्या जागी.

याच्याच जोडीला उड्यांचा खेळ. रंगीत कागदाचे किंवा खडूने काढलेले मोठे गोल जमिनीवर, आणि तुमच्या हातात पुठ्ठ्याचा फासा. कागदाचे गोल असतील तर चारही बाजूंनी चिकटवून टाका, नाहीतर पाय घसरतो. फाशाला बाजू सहा आणि इंद्रधनुष्याचे रंग सात, ही अडचण नातीपुढे तशीच ठेवा. आमच्या वर्गात एका मुलीने सुचवलं होतं की एका बाजूवर दोन रंग अर्धे-अर्धे रंगवायचे, म्हणजे तो आला की दोन पायांनी दोन गोलांवर उभं राहायचं. माझ्या डोक्यात ते कधी आलं नसतं.

सात रंगांवरून एक सांगते. 'तानापिहिनिपाजा' तुम्ही नातीला शिकवलं असेलच. त्यातला पारवा मुलांना नेहमी छळतो, कारण रंगांच्या डबीत त्या नावाचा खडू बहुधा नसतो आणि आकाशात बोट ठेवून तो कुणी दाखवू शकत नाही. सात हा आकडा न्यूटनचा. त्याने आधी पाच रंग धरले होते. पुढे संगीतातल्या सात स्वरांशी जुळावेत म्हणून नारिंगी आणि पारवा घातले, आणि १७०४ साली प्रकाशावरचा त्याचा ग्रंथ आला त्यात सातच आहेत. तेव्हा नातीने सहाच पट्टे काढले तर चूक काढू नका. तिने सहाच पाहिले असतील.

तुमच्या लहानपणी दोऱ्याची भिंगरी केली असेल. पुठ्ठ्याची चकती, मधोमध दोन भोकं, त्यातून ओवलेला दोरा, दोन्ही हातांनी पीळ देऊन ओढायची. तीच करा आणि चकती अर्धी तांबडी, अर्धी पिवळी रंगवा. जोरात फिरली की नारिंगी दिसते. सगळे रंग फाकींसारखे लावले तर फिरताना करडी-पांढुरकी दिसते. पुस्तकात 'पांढरी' लिहिलेलं असतं, तसा शुभ्र पांढरा येत नाही हे तिला आधी सांगा, म्हणजे पुन्हा चिखलाचा प्रसंग नको. ही भिंगरी तुमच्या आणि नातीच्या हातात राहू दे. धाकट्याच्या हातात दोरा नको.

धाकट्याचं वेगळं बघू. दोन वर्षांच्या मुलाची हौस म्हणजे आत घालणं, बाहेर काढणं, ओढणं. जुन्या कपड्यांचे सात रंगांचे रुमालाएवढे तुकडे घ्या, टोकाला टोक गाठी मारून क्रमाने जोडा आणि एका खोक्याला भोक पाडून आत कोंबा. तांबड्याचं टोक तेवढं बाहेर. तो ओढत जाईल आणि रंगामागून रंग येत जाईल. पंधरा वेळा सलग करेल आणि प्रत्येक वेळी तितकाच खूश होईल. अशी लांब माळ गळ्याभोवती अडकू शकते, म्हणून हे तुमच्या डोळ्यांसमोरच, आणि खेळ संपला की खोकं वरच्या फळीवर. दुसरं म्हणजे प्लॅस्टिकच्या स्वच्छ बाटलीत अर्धं रंगीत पाणी आणि अर्धं तेल. बूच घट्ट लावून त्यावर मजबूत चिकटपट्टी गुंडाळा. हलवली की रंगीत गोळे सुटतात, ठेवली की दोघं आपापल्या जागी परत येतात. उपडी केली तरी पाणी शेवटी खालीच.

त्याच्या हाती काय द्यायचं याला माझा एक साधा निकष आहे. कागदी रोल संपल्यावर जी आतली पुठ्ठ्याची नळी उरते, तिच्यातून जी वस्तू आरपार जाते ती तीन वर्षांखालच्या मुलाला द्यायची नाही. मणी, गुंड्या, बाटल्यांची लहान झाकणं सगळी त्यात गेली. पाण्यात फुगणारे रंगीत जेलचे गोळे तर घरातच आणू नका, कितीही सुंदर दिसले तरी. गिळले तर पोटात जाऊन फुगतात आणि आतडं अडवतात. मिठाचा खेळही मोठीसोबत धाकटा झोपला असताना करा, तो मूठभर मीठ तोंडात घालू शकतो आणि एवढ्याशा जिवाला तेवढं मीठ घातक ठरू शकतं. ब्रश तोंडात घातला म्हणून त्याला ओरडू नका. त्या वयात जग तोंडानेच कळतं. त्याला ब्रश हवाच असेल तर ब्रश आणि साधं पाणी द्या आणि काळा पुठ्ठा किंवा पाटी समोर ठेवा. ओलं काळंभोर दिसतं, वाळलं की नाहीसं होतं, की परत रंगवायला मोकळा.

'लाल'ची काळजी करू नका. रंग वेगळे दिसणं आणि त्यांची नावं नीट लावता येणं यांत मोठं अंतर आहे. दोन वर्षांच्या मुलाला लाल मोज्याची जोडी लावता येते, पण नाव विचारलं की जो एक शब्द येतो तोच तो वापरतो. तिसऱ्या-चौथ्या वर्षापर्यंत हे हळूहळू जुळतं. 'हा कुठला रंग?' अशी परीक्षा घेत बसू नका. दोन सारख्या वस्तू शेजारी ठेवा आणि बोलत राहा: "हा चेंडू लाल, तो चेंडू निळा. मला निळा दे." वस्तू तीच आणि फरक फक्त रंगाचा असला की शब्द कशाला लागतोय ते त्याला उमगतं. पुढे शाळेच्या वयातही तो लाल-हिरव्यात सतत गल्लत करत असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना एकदा दाखवा. लाल-हिरवा फरक नीट न दिसणं मुलग्यांमध्ये मुलींपेक्षा बरंच जास्त आढळतं, ते आनुवंशिक असतं. अशी मुलं उत्तम शिकतात, फक्त शाळेला ठाऊक असलं म्हणजे कुणी त्यांना 'लक्ष नाही' म्हणून रागावत नाही. आज मात्र तुम्ही निर्धास्त राहा.

वेळेबद्दल थोडं. पाच तास खेळ पुरवायचे नाहीत. एका दुपारी एकच खेळ काढा आणि तो संपायच्या आधी आवरा, म्हणजे उद्या तो पुन्हा हवासा वाटतो. सामान एका खोक्यात ठेवा, जुना शर्ट अंगावर चढवा, टेबलावर वर्तमानपत्र अंथरा. रंगीत पाण्यासाठी स्केचपेनऐवजी खायचे रंग वापरलेत, तर ते कपड्यांवरून सहज जात नाहीत हे ध्यानात असू द्या.

आता नातीचा प्रश्न. पाऊस उघडून ऊन आलं की एक पसरट टब किंवा मोठं भांडं खिडकीतून थेट ऊन येतं तिथे ठेवा आणि त्यात वीतभर पाणी भरा. चौकट असलेला एक लहान आरसा पाण्यात तिरका टेकवा, अर्धा पाण्याखाली. पाण्याखालच्या भागावर ऊन पडलं पाहिजे. आरसा हळूहळू कलता करत जा. कवडसा समोरच्या भिंतीवर किंवा छतावर उमटेल, आणि त्याच्या कडेला किंवा जरा बाजूला एक रंगीत पट्टा. पाण्यात शिरताना आणि बाहेर पडताना उजेड वाकतो. तांबडा कमी वाकतो, जांभळा जास्त, म्हणून ते वेगळे होतात. आकाशात हेच काम पावसाचे थेंब करतात. पाणी स्थिर होऊ द्या. मग नातीला बोटाने हलकेच पाण्याला स्पर्श करू द्या, भिंतीवरचं इंद्रधनुष्य थरथरेल आणि पुन्हा जागेवर येईल. आरशातला कवडसा कुणाच्याही डोळ्यांवर जाऊ देऊ नका. धाकटा टबजवळ असेल तर तुमचा हात त्याच्या अंगावर हवा, वीतभर पाण्यातही लहान मूल बुडू शकतं. खेळ संपला की पाणी लगेच ओतून टाका.

बाहेर शोधायचं असेल तर सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन आणि सर एकदम असताना. सूर्य पाठीशी घ्या आणि डोक्याची सावली जिथे पडते तिकडे तोंड करा. हात सरळ लांब करून ताणलेल्या पंज्याच्या दोन विती त्या सावलीपासून मोजा. साधारण ४२ अंश भरतात, तेवढ्या अंतरावर कमान असते. सूर्य त्याहून वर चढला की जमिनीवरून ती दिसत नाही, म्हणून भर दुपारी शोधून उपयोग नाही. कमान ठळक असेल तर तिच्या बाहेरच्या बाजूला आणखी एक फिकट कमान दिसते का बघा. तिच्यात रंगांचा क्रम उलटा असतो. नातीला सांगू नका, तिला स्वतःला सापडू द्या.

भिंतीवर इंद्रधनुष्य आलं की तिथे पांढरा कागद चिकटवा आणि तिला पेन्सिलीने त्याच्या कडा आखायला लावा. आरसा आणि टब हलवू नका. अर्ध्या तासाने दोघांनी परत जाऊन बघा. पट्टा आखलेल्या रेघेतून निघून बाजूला सरकलेला असेल. तिथे पुन्हा आखायला लावा आणि शेजारी घड्याळातली वेळ लिहा. ऊन जाईपर्यंत त्या कागदावर तीन-चार इंद्रधनुष्यांच्या जागा होतील, एकीच्या पुढे एक.